किल्ली फिरते, यंत्र जागें होत नाहीं

घरांतील एखादी वस्तु जोंपर्यंत मुकाट्यानें आपलें काम करीत असते, तोंपर्यंत तिच्याकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं. विहिरीच्या रहाटाची दोरी झिजते, समईचें मळसूत्र ढिलें होतें, फडताळाची कडी वाकते. पण त्या गोष्टी आपण पाहतों केव्हां, तर काम अडलें म्हणजे. मोटारगाडींतील किल्लीचा खटका, ज्यास सर्वजण 'इग्निशन स्विच' म्हणतात, तो ह्याच जातीचा आहे. इंजिनाचें तेल, टायरची हवा, बॅटरीचें पाणी यांची चौकशी करणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. किल्लीच्या मागें काय आहे याची चौकशी करणारा मात्र विरळा. कारण किल्ली फिरविणें ही गोष्ट दाराची कडी काढण्याइतकी आपल्या अंगवळणीं पडली आहे.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास वसई तालुक्यांतील आगाशीकडील एका वाचक भगिनींचें पत्र कारण झालें. त्यांचें कुटुंब एकत्र, माणसें अकरा, आणि सर्वांत मिळून गाडी एकच. तीहि मारुति ८००. पंधरा वर्षें उलटून गेल्यावर नोंदणीचें नूतनीकरण करून चालविलेली. सासूबाईंना औषधोपचारासाठीं दर पंधरवड्यास मुंबईस न्यावें लागतें. पुलांचे जिने आणि विरार लोकलची गर्दी त्यांना सोसत नाहीं, म्हणून गाडीवांचून गत्यंतर नाहीं. गेला महिनाभर त्या गाडीचें असें झालें आहे कीं, किल्ली फिरवून धरली तर इंजिन सुरू होतें, आणि बोटें सैल सोडतांच बंद पडतें. नाक्यावरचा मिस्त्री म्हणतो, किल्लीच्या तारा तोडून एक खटका आणि एक घंटीचें बटण बसवून देतों, अर्ध्या तासाचें काम. मामंजींस ती युक्ति पसंत आहे. भाऊजी म्हणतात, गाडीच विकून टाका. यजमान दोघांच्या मध्यें सांपडले आहेत, आणि गाडी चालवावयाची असते बाईंनाच. "कोणाचें ऐकावें?" असा त्यांचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, दोघांचेंहि ऐकूं नये. गाडी विकण्याचें कारण नाहीं, आणि घंटीचें बटण तर मुळींच बसवूं नये. असें आम्ही कां म्हणतों हें समजण्यासाठीं त्या किल्लीच्या मागें थोडें डोकावून पाहिलें पाहिजे.

मोटार जेव्हां प्रथम निघाली तेव्हां तिला किल्लीनें सुरू करण्याची सोय नव्हती. पुढें उभें राहून लोखंडी हँडल मारावें लागे, आणि इंजिनानें उलटा झटका दिला म्हणजे मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यानें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत बसला, आणि मोटार चालविणें हें केवळ बळकट मनगटाच्या पुरुषांचें काम राहिलें नाहीं. तरीहि पुढें पुष्कळ वर्षें किल्लीनें वीज मोकळी करावयाची आणि निराळें बटण दाबून स्टार्टर फिरवावयाचा, अशी दोन कामांची रीत होती. तीं दोन्ही कामें एकाच किल्लीवर आणलीं तीं क्रायस्लर कंपनीनें, १९४९ सालीं. म्हणजे पत्रांतील मिस्त्री जी 'नवी युक्ति' सुचवीत आहे, ती वास्तविक पाऊणशें वर्षांपूर्वीं मागें टाकलेली रीत आहे. आणि त्या रीतींतहि निदान किल्ली तरी होती!

आतां किल्लीच्या मागें काय असतें तें पाहूं. सामान्यतः तेथें एक वस्तु आहे असें आपण समजतों. वास्तविक त्या दोन आहेत. पहिली कुलपाची, जिला कारागीर 'बॅरल' म्हणतात. तिच्यांत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. खरी किल्ली आंत गेली म्हणजे त्या सर्व पट्ट्या एका ओळींत येतात आणि गाभा फिरूं शकतो. दुसरी वस्तु विजेची; ती बॅरलच्या पाठीमागें बसविलेली असते, आणि बॅरल फिरला कीं एका लहान दांडीनें तीहि फिरते. तिच्या पोटांत तांब्याचे संपर्कबिंदु असतात, व ते निरनिराळ्या तारांस वीज पोंचवितात. एक देवडीवरचा पहारेकरी, तो माणूस ओळखतो. दुसरा कोठीवाला, तो शिधा वांटतो. बिघाड कोणांत आहे हें न पाहतां दोघांनाहि घरीं पाठविणें हा शहाणपणा नव्हे.

त्या कोठीवाल्याच्या चार जागा असतात. पहिली 'लॉक', जेथें सर्व बंद आणि सुकाणूचें चाकहि अडकलेलें. दुसरी 'अॅक्सेसरी', जेथें रेडिओसारख्या किरकोळ गोष्टींना वीज मिळते. तिसरी 'ऑन', जेथें इंजिनाला ठिणगी देणारी व्यवस्था, पेट्रोलचा पंप, पंखा, वायपर, समोरचे दिवे दाखविणारीं चिन्हें हीं सर्व चालू असतात. चौथी 'स्टार्ट', येथें स्टार्टरला हुकूम जातो, आणि तेवढ्यापुरती पंख्यासारख्या गोष्टींची वीज तोडली जाते, कारण बॅटरीची सर्व शक्ति त्या क्षणीं स्टार्टरला हवी असते. ही चौथी जागा स्प्रिंगची आहे. बोट सोडलें कीं किल्ली आपोआप तिसरीवर परत येते. स्टार्टरची प्रचंड वीज मात्र किल्लीच्या खटक्यांतून जात नाहीं. ती जाड तारेनें बॅटरीपासून थेट जाते, व किल्ली केवळ सोलेनॉइड नांवाच्या मध्यस्थास आज्ञा पोंचविते.

एवढें कळलें म्हणजे आगाशीच्या गाडीचें दुखणें ओळखण्यास वेळ लागत नाहीं. 'स्टार्ट'वर ठिणगी मिळते, म्हणून इंजिन फिरून पेटतें. किल्ली 'ऑन'वर परत आली कीं तीच ठिणगी बंद होते. अर्थात् 'ऑन'चा संपर्कबिंदु जळाला किंवा झिजला असण्याचा संभव सर्वांत अधिक. इंजिन निर्दोष, बॅटरी निर्दोष, स्टार्टर निर्दोष. दोषी तो हातांत मावेल एवढा एक भाग.

परंतु किल्लीवर आरोप ठेवण्यापूर्वीं इतरांची जबानी घ्यावी. समोरचे दिवे लावून कोणी तरी किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें बाहेर उभें राहून पाहावें. स्टार्टर न फिरतां दिवे एकदम मंदावले, किंवा बोनेटखालून नुसता टिक्‌टिक् आवाज आला, तर बॅटरी दुर्बळ आहे किंवा तिच्या टोकांवर क्षार सांचला आहे. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले आणि स्टार्टरनें हूं कीं चूं केलें नाहीं, तर किल्लीचा खटका, सोलेनॉइड किंवा मधली एखादी तार यांवर संशय घ्यावा. किल्ली किंचित् हलवितांच समोरचीं चिन्हें लुकलुकलीं, खड्ड्यांतून जातांना पंखा क्षणभर थांबला, किल्लीभोंवतालचा भाग हातास गरम लागला, किंवा प्लॅस्टिक करपल्याचा वास आला, तर संशयाची बहुतेक खात्री समजावी. किल्ली फिरतच नसेल, तर दोष पहारेकऱ्याचा आहे. कोठीवाल्यास बोल लावूं नये. अशा वेळीं घरांत असलेली दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून पाहावी. कित्येकदां झिजलेली असते ती किल्ली, कुलूप नव्हे. ज्या गाड्यांच्या किल्लींत ओळखीची इलेक्ट्रॉनिक चिप असते, तेथें समोर किल्लीचें चिन्ह लुकलुकत राहिल्यास तो रोग निराळा, व त्याचा वैद्यहि निराळा.

शेवटचा निवाडा मोजमापानें व्हावा. कोणाहि जाणत्या वायरिंगवाल्याजवळ व्होल्ट मोजण्याचें यंत्र असतें. स्वस्थ, भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. खटक्याच्या एका अंगास जेवढे व्होल्ट येतात तेवढेच, सर्व भार चालू असतांना, दुसऱ्या अंगास निघाले पाहिजेत. दोहोंत पाव व्होल्टाहून फार अधिक अंतर पडलें, तर तेवढी शक्ति आंतल्या आंत उष्णता होऊन जात आहे असें समजावें. हें मोजमाप केल्यावांचून जो कारागीर "सगळी वायरिंग बदलावी लागेल" असें म्हणतो, त्याला नम्रपणें नमस्कार करावा.

बदलण्याचें काम अवघड नाहीं. पण त्याला क्रम आहे. प्रथम बॅटरीच्या ऋण टोंकाची तार काढावी. गाडींत एअरबॅग असतील तर त्यानंतर कांहीं मिनिटें थांबावें, कारण त्यांच्या व्यवस्थेंत वीज थोडा वेळ शिल्लक राहते; आणि अशा गाडीच्या सुकाणूच्या खांबाला घरच्या हौशी माणसानें हात न लावणें हेंच उत्तम. मग खांबाखालचें प्लॅस्टिकचें आवरण काढावें, तारांचें छायाचित्र घेऊन ठेवावें, आणि तारांचा जोड, ज्यास 'कपलर' म्हणतात, तो तारेला न ओढतां खिटी दाबून सोडवावा. बहुधा एक-दोन स्क्रूंवर बसलेला खटका बाहेर येतो. नवा बसवितांना त्याची व कुलपाची जागा एकच आहे ना हें पाहावें. एक गोष्ट कारागीर पुष्कळदां विसरतात: जुन्या कपलरची एखादी खांच करपलेली असेल, तर नव्या खटक्याबरोबर कपलरहि नवा घ्यावा. नाहीं तर तो ढिला जोड नव्या भागालाहि थोड्याच महिन्यांत जाळतो, आणि मालाला विनाकारण दोष येतो. सर्व जोडल्यावर चारहि जागा एकेक करून तपासाव्या. 'स्टार्ट'वरून किल्ली आपोआप मागें येते कीं नाहीं हें विशेषेंकरून पाहावें. ती मागें न आल्यास स्टार्टर इंजिनाबरोबर फिरत राहून जळतो. काढलेला जुना भाग मागून घ्यावा व पावतीहि घ्यावी.

प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्या सांभाळणाऱ्यांस सुटे भाग मिळविणें अधिक कष्टाचें झालें आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ही गाडी बाहेर पडत असे. तें उत्पादन थांबून दोन तपें झालीं, आणि तिची शेवटची नोंदलेली टॅक्सीहि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. मारुति ८०० ची गोष्ट निराळी. १९८३ पासून २०१४ पर्यंत ती इतक्या प्रचंड संख्येनें निघाली कीं तिचे भाग अद्याप सुलभ आहेत. मात्र स्वस्त नक्कल व अस्सल माल हे बाहेरून सारखे दिसतात. फरक असतो तो आंतील तांब्याच्या जाडींत आणि स्प्रिंगच्या ताणांत, आणि नेमकें तेथेंच आपला डोळा पोंचत नाहीं.

आतां घंटीच्या बटणाकडे वळूं. त्यांत चार दोष आहेत. पहिला असा कीं, किरकोळ खटका आणि हाताशीं सांपडेल ती बारीक तार यांतून जेव्हां इंजिनाची, पंपाची, पंख्याची सर्व वीज जाते, तेव्हां ती तार तापते. आणि मध्यें फ्यूज नसेल तर गाडी पेट घेण्यास दुसरें कारण लागत नाहीं. दुसरा, इंजिन थांबल्यावर खटका चालू राहिला तर जुन्या पद्धतीच्या गाडींत ठिणगीचें कॉइल तापून खराब होतें व बॅटरी उतरते. तिसरा, चोराला किल्लीची गरज उरत नाहीं. चौथा आम्हांस सर्वांत भयंकर वाटतो. अकरा माणसांच्या घरांत लहान मुलें असणारच. अंगणांत उभी असलेली, गियरमध्यें ठेवलेली गाडी, आणि बोटानें दाबतां येईल असें चकचकीत बटण! स्टार्टरच्या नुसत्या जोरानेंहि गाडी हातभर पुढें उडी घेते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको. किल्ली ही केवळ सोय नव्हे. ती वडीलधाऱ्यांच्या हातीं राहणारी अनुज्ञा आहे.

एवढ्याशा भागासाठीं एवढा खल कां, असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं अमेरिकेंतील एक हकीकत सांगतों. जनरल मोटर्स ही कंपनी आपल्याकडे अपरिचित नाहीं. पुण्याजवळ तळेगांव येथें तिचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला होता, व २०१७ च्या अखेरीस तिनें भारतांतील विक्री थांबविली. ह्या कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट व तत्सम कांहीं अमेरिकन गाड्यांत किल्लीच्या खटक्यांतील एक लहानशी स्प्रिंग आवश्यक तेवढा विरोध करीत नसे. किल्लीच्या जुडग्याचें वजन किंवा गुडघ्याचा धक्का एवढ्यानें किल्ली 'ऑन'वरून 'अॅक्सेसरी'वर घसरे. धांवत्या गाडीचें इंजिन बंद पडे, सुकाणू व ब्रेक जड होत, आणि ज्या क्षणीं एअरबॅग फुगावयाच्या त्या क्षणीं त्या फुगत नसत. कंपनीच्या अभियंत्यांस हा दोष पुष्कळ वर्षें आधीं दिसला होता. सुधारणेला दर गाडीमागें एका डॉलराहून कमी खर्च येईल असा अंदाज होता, तरी ती त्या वेळीं झाली नाहीं. पुढें भाग सुधारला, पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवला. त्यामुळें शोध घेणारांस कांहीं गाड्या दगा देतात व कांहीं देत नाहींत याचा उलगडा होईना. अखेर २०१४ सालीं सुमारें २६ लक्ष गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नुकसानभरपाईच्या निधीनें १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि २०१५ सालीं कंपनीनें सरकारशीं तडजोड करून ९० कोटि डॉलर भरले. एका स्प्रिंगच्या ढिलाईची एवढी किंमत!

आपल्या देशांतहि सदोष गाड्या परत बोलाविण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें झाली असून तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. परंतु ते सात वर्षांच्या आंतील गाड्यांपुरते आहेत. जुन्या गाडीचा कैवार घेणारा कोणी कचेरींत बसलेला नाहीं. तिच्यावर नजर ठेवावयाची ती घरच्यांनींच.

वसई-विरारकडील वाचकांनीं ही नजर थोडी अधिक तीक्ष्ण ठेवावी. समुद्र एका बाजूस, खाडी दुसऱ्या बाजूस, मध्यें मिठागरें. अशा खाऱ्या व दमट हवेंत तांब्याच्या घागरीवर जो हिरवा जंगाल चढतो, तोच तारांच्या जोडांवर चढतो, आणि पावसाळ्यांत त्याला जोर येतो. २०१८ च्या जुलईंत वसई, नालासोपारा, विरार येथें पाणी तुंबून लोकलहि थांबल्या होत्या, हें सर्वांच्या स्मरणांत असेलच. ज्या गाडींत बैठकीपर्यंत पाणी शिरलें असेल, तिचे जोड सुकल्यावर सोडवून पुसून घेतल्यावांचून ती निर्धास्त समजूं नये. आणि मुंबईस जावयाचें म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, त्यावरील अवजड मालमोटारी, व घोडबंदरजवळचा खाडीवरील वरसावे पूल. अशा जागीं इंजिन बंद पडणें म्हणजे केवळ खोळंबा नव्हे.

असा प्रसंग दैववशात् आलाच, तर काय करावें हें घरांतील प्रत्येक चालविणारानें पाठ करून ठेवावें. किल्ली कधींहि 'लॉक'वर नेऊं नये, सुकाणू अडकेल. क्लच दाबावा, गियर न्यूट्रलमध्यें घ्यावा, किल्ली 'ऑन'वर आणून पुन्हां 'स्टार्ट' करून पाहावें. ब्रेक वारंवार दाबूं नये. इंजिन थांबल्यावर त्याची साठविलेली मदत एक-दोनदांच मिळते, म्हणून एकदांच, पण जोरानें व दाबून धरून लावावा. सुकाणू जड लागलें तरी वळतें. दोन्ही हातांनीं वळवून धोक्याचे दिवे लावीत डावीकडे यावें. गाडी उभी राहिल्यावर माणसांस रस्त्याच्या बाजूनें नव्हे, तर कडेच्या बाजूनें उतरवावें.

शेवटीं दोन लहान सूचना, ज्यांस पैसा पडत नाहीं. कुलपांत खोबरेल किंवा इंजिनाचें तेल घालूं नये. तें धूळ धरून चिकटतें. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चिमूटभर पुरते. आणि गाडीच्या किल्लीला तिजोरी, फडताळ, देवघर व दुकान यांच्या किल्ल्यांचा जुडगा अडकवूं नये. प्रत्येक खड्ड्यागणिक तें वजन कुलपाला हिसका देतें आणि झीज वाढवितें. गाडीची किल्ली एकटी, निराळ्या खुंटीवर, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर असावी. आणि तिची दुसरी जोडी कोठें आहे हें घरांतील निदान दोन मोठ्या माणसांस ठाऊक असावें. पुढील अंकीं पावसाळ्यांतील वायपर व कांचेवर धरणारें बाष्प यांचा विचार करूं.